खर्चाच्या वहीत आपल्या हातांचा रकाना

  घरातले दादा, काका ऐकत असतील तर ऐकू देत. आजचं बोलणं त्यांच्याही कामाचं आहे.

आज आपण हिशोबाबद्दल बोलणार आहोत. हिशोब काही आपल्याला नवा नाही. गटाची बैठक झाली की वही उघडते. बचत किती जमली, कर्ज कुणी घेतलं, व्याज किती आलं, उशिरा येणारीचा दंड किती, सगळं लिहिलं जातं. एक रुपया इकडचा तिकडे झाला तर आपण उठत नाही. पण आपल्या कुठल्याच वहीत एक गोष्ट लिहिलेली नसते. ती म्हणजे आपले हात किती वेळ चालले, आणि त्या वेळेची किंमत काय.

"बायकांचं श्रम हे समाजाचं धन आहे", असं आपण भाषणात पुष्कळदा ऐकतो. आठ मार्चला तर हमखास ऐकतो. ऐकून बरंही वाटतं. पण धन म्हटलं की ते मोजावं लागतं. सोनं तोळ्यावर मोजतो, धान्य पोत्यावर, जमीन गुंठ्यावर. मग बायकांचं श्रम कशावर मोजायचं? आणि ते मोजलंच नाही तर त्याला धन कोण म्हणेल?

एक उदाहरण घेऊ. आकडे मी सोयीसाठी धरते. तुमच्या गावचे भाव वेगळे असतील, ते तुम्ही घाला.

समजा पाच जणींच्या गटाने उडदाचे पापड केले. दहा किलो डाळ घेतली, १३० रुपये किलोने, म्हणजे १३०० रुपये. दळणाचे १००. पापडखार, मिरे, हिंग, मीठ, तेल मिळून ३५०. पिशव्या आणि लेबल १५०. तालुक्याला जायचं-यायचं भाडं १००. एकूण खर्च झाला २००० रुपये. पापड सोयीसाठी दहा किलोच धरू. ते २४० रुपये किलोने विकले. हातात आले २४०० रुपये. वहीत लिहिलं, "नफा ४०० रुपये." पाच जणींनी ऐंशी-ऐंशी वाटून घेतले. सगळ्या खूश. पुढच्या महिन्यात परत करू म्हणाल्या.

आता याच पापडांचे तास मोजू. पीठ भिजवणं, कुटणं, लाट्या पाडणं, लाटणं, सुकवणं, यात पाच जणी सहा-सहा तास होत्या. तीस तास झाले. एक जण डाळ आणि मसाला आणायला अर्धा दिवस गेली होती, ते चार तास. दुसऱ्या दिवशी दोघींनी तीन-तीन तास बसून वजन केलं, पिशव्या भरल्या, ते सहा तास. एकूण चाळीस तास. आठ तासांचा एक रोज धरला तर पाच रोज झाले. तुमच्या भागात शेतातला रोज ३०० रुपये असेल, तर ही १५०० रुपयांची मजुरी झाली.

म्हणजे पापडांचा खरा खर्च २००० नव्हता, ३५०० होता. किलोमागे ३५० रुपये. आपण विकले २४० ला. चारशे रुपये नफा झाला असं आपण लिहिलं, पण खरं म्हणजे अकराशे रुपयांचा तोटा झाला. हा तोटा दुकानदाराने सोसला नाही, गिऱ्हाइकाने सोसला नाही. तो पाच जणींच्या पाठीने आणि मनगटाने सोसला. एका रोजाला ऐंशी रुपये पडले. या भावात आपण कुणाच्या शेतात खुरपायला गेलो असतो का? त्या शेतकऱ्याला आपण चार गोष्टी ऐकवल्या असत्या. आणि स्वतःच्या गटात मात्र त्याच भावात हसत काम केलं.

हे असं का होतं? कारण डाळीचे पैसे खिशातून जातात, ते दिसतात. आपला वेळ खिशातून जात नाही. "घरीच तर बसलेलो असतो", "दुपारी मोकळंच असतं", असं आपण स्वतःच म्हणतो. मोकळ्या वेळात केलेलं काम फुकटचं असतं, हे कुणी ठरवलं? डाळ आपल्याच शेतातली असली तरी तिची किंमत आपण धरतो ना? मग हात आपलेच आहेत म्हणून त्यांची किंमत सोडून का द्यायची?

काही जणी विचारतील, "ताई, मजुरी धरून ३५० सांगितले तर घेणार कोण? बाजारात कंपनीचे पापड त्याहून स्वस्त मिळतात." प्रश्न बरोबर आहे. मजुरी लिहिली म्हणून गिऱ्हाईक लगेच जास्त पैसे देणार नाही. पण लिहिली की कुठे हात घालायचा ते कळतं. डाळ किरकोळ घेण्याऐवजी तीन गटांनी मिळून ठोक घेतली, ती १३० ऐवजी ११५ ला पडली, तर दहा किलोमागे १५० रुपये वाचले. पीठ मळायचं यंत्र दोन-तीन गटांत मिळून घेतलं आणि त्याने दहा तास वाचले, तर ३७५ रुपये मजुरी कमी झाली. यंत्राचा आणि विजेचा खर्च त्यात धरायचा, तो विसरायचा नाही. पण तो बाजूला ठेवून पाहिलं तर किलोचा खर्च ३५० वरून २९८ च्या आसपास येतो. आणि एवढं करूनही भाव बसत नसेल, तर पापड सोडून दुसरं काही करावं. धंदा कधी सोडायचा हे कळणं, हेसुद्धा शहाणपण आहे. पण मजुरी लिहिलीच नाही तर तेही कळत नाही. वर्षानुवर्षं आपण राबत राहतो आणि गटाला प्रगती का नाही म्हणून एकमेकींकडे बघत राहतो.

मजुरी आधी, नफा नंतर, हा नियम पाळून केवढं मोठं काम उभं राहतं, हे बघायचं तर लिज्जत पापडाकडे बघा. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी पापड लाटायला सुरुवात केली. भांडवल होतं उसने घेतलेले ८० रुपये. आज त्या श्री महिला गृह उद्योगात सुमारे ४५ हजार बायका आहेत. त्यांची पद्धत साधी आहे. बहिणी सकाळी केंद्रावरून मळलेलं पीठ घेऊन जातात, घरी लाटतात, सुकवतात, आणि तयार पापड केंद्रावर आणून देतात. तिथे वजन होतं, पारख होते, आणि लाटण्याची मजुरी दिली जाते. नफा झाला की तो वेगळा वाटला जातो, कारण लाटणारी बहीण ही नोकर नाही, मालकीण आहे. आधी मजुरी, मग नफा. लिज्जतच्या हिशोबात मजुरीचा रकाना पहिल्यापासून आहे.

मुंबईतलंच दुसरं उदाहरण अन्नपूर्णा महिला मंडळाचं. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले हजारो गिरणी कामगार एकटे राहायचे. त्यांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायका छोट्या खोल्यांत पहाटेपासून चुलीपुढे असायच्या. गिरणी त्यांच्या भाकरीवर चालायची. पण लोकांच्या लेखी त्या फक्त स्वयंपाक करत होत्या. वाण्याकडून उधारीवर किराणा, सावकाराचं व्याज, असा गाडा चालायचा. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांना एकत्र केलं आणि बँकेच्या दारात नेलं. खानावळ हा व्यवसाय आहे, याला कर्ज मिळालं पाहिजे, असं बँकेला पटवलं. स्वयंपाक तोच होता, हातही तेच होते. हिशोब मांडल्यावर त्याच कामाला धंदा म्हणून मान मिळाला.

आता मजुरीच्या पुढची गोष्ट. मजुरी ही वेळेची किंमत झाली. पण आपल्या हातात नुसता वेळ नसतो, कसबही असतं. सगळ्याच हातांचे पापड सारखे होत नाहीत. कुणाची कुरडई तळल्यावर फुलासारखी उमलते. कुणाच्या गोधडीचा टाका इतका बारीक असतो की बघत राहावं. कुणाला नुसतं कणीस हातात घेऊन सांगता येतं की हे बियाण्याला ठेवायचं आणि हे खायला. हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. आईकडून, आजीकडून, सासूकडून येतं, आणि वीस-वीस वर्षं हात बसल्यावर पक्कं होतं. सुताराच्या कसबाला आपण कसब म्हणतो, सोनाराच्या कसबाला कला म्हणतो. बाईच्या कसबाला मात्र म्हणतो, "तिला सवय आहे."

राहीबाई पोपेरे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे या डोंगराळ गावच्या. शाळेत गेल्या नाहीत. पण वाल, घेवडा, भात, नाचणी, भाज्या यांची गावठी बियाणी कशी निवडायची, राखेत कशी ठेवायची, कोणतं कधी पेरायचं, हे त्यांना ठाऊक होतं. गावोगावी बाजारचं बियाणं आलं आणि जुनं वाण हरवायला लागलं, तेव्हा त्यांनी ते गोळा करून जपलं, बियाण्यांची बँक उभी केली, दुसऱ्या शेतकऱ्यांना दिलं. लोक त्यांना बीजमाता म्हणू लागले. २०२० साली सरकारने त्यांना पद्मश्री जाहीर केली.

राहीबाईंचा मान आपल्या सगळ्यांना अभिमानाचा आहे. पण मी तुम्हाला दुसरीच गोष्ट विचारते. तुमच्या गावात अशा किती जणी आहेत? घराच्या आढ्याला मक्याची कणसं टांगून ठेवणाऱ्या, मडक्यात राख घालून वाल जपणाऱ्या? असतील चार-दोन म्हाताऱ्या. त्यांचं ज्ञान कुणी लिहून घेतलंय का? त्या गेल्या की त्यांच्याबरोबर ते जाणार. आपल्या देशात २००१ चा एक कायदा आहे, पिकांच्या वाणांचं संरक्षण आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचा. त्या कायद्याखाली शेतकऱ्यांना, गावाच्या समूहालाही, आपलं पारंपरिक वाण नोंदवता येतं. कृषी सहायकाला, कृषी विज्ञान केंद्राला विचारा. नोंद करायची म्हणजे आधी वाण कोणतं आणि ते कुणी राखलं ते लिहावं लागतं. पुन्हा गोष्ट लिहिण्यावरच येते.

कसबाची किंमत मजुरीच्या वर लावायची असते. गोधडीला चिंध्या फुकट मिळाल्या म्हणून गोधडी फुकटच्या भावात द्यायची नसते. किती दिवस लागले त्याची मजुरी, आणि हा टाका दुसऱ्या कुणाला जमत नाही म्हणून त्यावर आणखी काही. घासाघीस करणाऱ्याला हे मोकळेपणाने सांगावं, "दादा, ही गोधडी शिवायला बारा दिवस लागलेत." दिवस सांगितले की गिऱ्हाईकसुद्धा गोधडीकडे वेगळ्या नजरेने बघतं.

आता गटातून शेतात जाऊ. शेतीत तर आपला हात सगळीकडे असतो. देशातल्या ग्रामीण भागात काम करणाऱ्या दर चार बायकांपैकी तीन शेतीत आहेत. पेरणी, लावणी, खुरपणी, वेचणी, काढणी, निवडणं, साठवणं, सगळं. आणि एक गंमत सांगते. आपण आपली मजुरी धरत नसलो तरी सरकार धरतं. केंद्राचा कृषी खर्च आणि मूल्य आयोग आहे. सोयाबीन, तूर, कापूस यांचा हमीभाव ठरवण्यासाठी तो पिकाचा खर्च काढतो. त्यात बी, खत, औषध, मजूर, भाडं असा रोख खर्च असतो, त्याला ते 'ए-टू' म्हणतात. त्यात ते आणखी एक गोष्ट मिळवतात, 'एफएल'. म्हणजे घरच्या माणसांनी शेतात केलेलं काम. त्याचे पैसे कुणी कुणाला दिलेले नसतात, तरी मजुरीच्या दराने त्याची किंमत धरतात. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट हमीभाव जाहीर झाला तो याच खर्चावर, घरची मजुरी धरून. तो भाव बाजारात मिळतो का, खर्च पुरा धरतात का, हा वेगळा भांडणाचा विषय आहे. पण घरच्या माणसाचं काम फुकट नसतं, हे दिल्लीच्या कागदावर मान्य आहे.

म्हणजे तुमच्या खुरपणीची किंमत दिल्लीच्या कागदावर आहे. फक्त ती तुमच्या घरच्या वहीत नाही, आणि पट्टी येते तेव्हा ती तुमच्या नावाने येत नाही.

ही गोष्ट आपल्याच महाराष्ट्रात एका शेतकरी नेत्याने शेतकऱ्यांपुढे मांडली होती. १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. लाखोंनी बाया आल्या होत्या. त्यानंतर काही वर्षांनी शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. त्यामागचा विचार सरळ होता. शेतकरी म्हणतो, माझ्या घामाला भाव मिळत नाही, माझी लूट होते. खरं आहे. पण त्याच शेतकऱ्याच्या घरची लक्ष्मी जन्मभर त्याच्या शेतात राबते, तिच्या घामाला त्याने काय भाव दिला? तिचं देणं आधी फेडा, जमिनीचा तुकडा तिच्या नावावर करा. ज्या गावात शंभर किंवा जास्त शेतकरी असं करतील ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. आणि खरोखर अनेक गावांत नवऱ्यांनी स्वतःहून तलाठ्याकडे जाऊन बायकोचं नाव लावलं. भांडून नाही, समजून. म्हणून मी सुरुवातीला म्हटलं, आजचं बोलणं दादांच्याही कामाचं आहे.

पण हे सगळ्या देशात झालं नाही. २०१५-१६ ची कृषी गणना सांगते की देशात शेती कसणाऱ्या खातेदारांत बायका सुमारे १४ टक्के. काम करणाऱ्या चारातल्या तीन, आणि नाव असणाऱ्या शंभरातल्या चौदा. सातबाऱ्यावर नाव नसलं की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पीककर्ज नाही, पीकविमा नाही, गारपिटीची भरपाई नाही. आणि घरचा माणूस गेला तर "तू कोण शेतकरी?" असं विचारायला कचेरीपासून भावकीपर्यंत सगळे तयार असतात.

दुधाचंही तसंच बघा. शेण काढणं, वैरण आणणं, पाणी दाखवणं, धार काढणं, वासराला पाजणं, म्हैस अडली तर रात्र जागणं, हे कोण करतं? आणि डेअरीचं खातं कुणाच्या नावाने असतं? दहा दिवसांचं बिल कुणाच्या हातात येतं? दोन-चार घरांत बाईच्या नावाने असेलही. बाकी घरांत काय आहे ते तुम्ही मनातल्या मनात मोजा.

ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बहिणींची गोष्ट तर याहून कडू आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. उचल घेताना मुकादमापुढे नवरा बसतो, अंगठा किंवा सही त्याची, पैसे त्याच्या हातात. फडात ऊस तोडताना, मोळी बांधताना, डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवताना मात्र दोघं असतात. खोपीवर परत आल्यावर भाकरी, पाणी, लेकरं, हे तिचं एकटीचं. ती आजारी पडली, खाडा झाला, तर तो हिशोबात येतो. ती राबली ते वेगळं कुठे लिहिलं जात नाही. अर्धा कोयता तिचा आहे, हे नुसत्या शब्दात आहे. पैशात ते आलं पाहिजे. बाईच्या नावाने वेगळी नोंद, तिच्या खात्यात तिचे पैसे, ही मागणी म्हणून रास्त आहे.

आता घरात येऊ. इथे थोडं अवघड बोलायचं आहे. घरातल्या कामाचे कुणी पैसे मागत नाही, मीही मागा म्हणत नाही. लेकराला भरवलं, सासऱ्याचं पथ्य सांभाळलं, याची मजुरी कोण लावणार? "माया मोजायची का?" असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, माया नका मोजू. वेळ मोजा.

सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात ते विचारलं. घरच्या लोकांसाठी बिनपैशाचं घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात, म्हणजे जवळजवळ पाच तास. असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. आणि करणारे किती? शंभर बायकांमागे ८१ जणींनी त्या दिवशी घरकाम केलं, शंभर पुरुषांमागे २६ जणांनी. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली. बायकांची २८९ मिनिटं आली, पुरुषांची ८८. म्हणजे पाच वर्षांत आपली दहा मिनिटं कमी झाली, आणि त्यांचीही नऊ मिनिटं कमी झाली!

हॉटेलातली थाळी देशाच्या उत्पन्नात मोजली जाते. घरातली थाळी मोजली जात नाही. घरातल्या बाईच्या कामाची किंमत आपल्याकडे कुठे मोजली जाते ठाऊक आहे? कोर्टात. अपघातात ती गेली तर. जमशेदपूरला १९८९ मध्ये मोठी आग लागली होती, त्यात कितीतरी बायका आणि मुलं गेली. नुकसानभरपाई ठरवताना २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने गृहिणीच्या कामाची किंमत धरली, महिन्याला तीन हजार रुपये. पुढे २०२१ मध्ये याच कोर्टाने वेळेच्या पाहणीचे ते आकडे समोर ठेवून सांगितलं की गृहिणीचं काम हे खरं काम आहे, त्याने घराच्या आणि देशाच्या उत्पन्नात भर पडते. कोर्टाने योग्य केलं. पण बाई गेल्यावर तिच्या कामाची किंमत काढायची, आणि ती असताना "तू दिवसभर काय करतेस?" असं विचारायचं, हे आपल्याला मान्य आहे का?

वेळ मोजण्याचा उपयोग भांडण करायला नाही. वेळ मोजला की तो वाचवता येतो. गावात पिठाची चक्की आली तेव्हा पहाटेचं जातं सुटलं. आजींना विचारा, केवढा वेळ वाचला ते. नळ दारात आला की हंड्यांच्या खेपा सुटतात. अंगणवाडी पूर्ण वेळ चालली की तरुण आयांचे हात मोकळे होतात. पण "पाण्याचा फार त्रास आहे हो", एवढं म्हणून ग्रामपंचायत हलत नाही. "आमच्या वस्तीवर चाळीस घरं आहेत, घरटी दीड तास पाण्यात जातो, म्हणजे रोज साठ तास", असं आकड्याने सांगितलं तर उत्तर द्यावं लागतं. आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, असा कायदाच आहे. ती सभा नुसती सह्यांपुरती होऊ देऊ नका. साठ तासांचा हिशोब तिथे मांडा, इतिवृत्तात लिहून घ्या, आणि मगच उठा.

तर मैत्रिणींनो, ऐकून सोडून देऊ नका. पुढच्या बैठकीपर्यंत चार कामं करू.

पहिलं काम. गटाच्या वहीत खर्चाच्या पानावर एक नवा रकाना आखा. त्याला नाव द्या, "आपली मजुरी". कोण किती तास बसली ते त्याच दिवशी लिहा. दर कोणता धरायचा? बायकांना शेतात पुरुषांपेक्षा कमी रोज देतात, तो कमी दर धरू नका. रोजगार हमीच्या कामावर बाईचा आणि पुरुषाचा दर एकच असतो, हे लक्षात ठेवा. आपल्या वहीत आपणच आपला भाव पाडायचा नाही.

दुसरं काम. एका पदार्थाचा, किंवा एका वस्तूचा पूर्ण खर्च काढा. मी पापडांचा काढला तसा. मग भाव ठरवा. भाव बसत नसेल तर डाळ कुठे स्वस्त मिळेल, वेळ कुठे वाचेल, की वस्तूच बदलायची, हे बैठकीत ठरवा.

तिसरं काम. आपल्या नावाचे कागद बघा. सातबारा, ग्रामपंचायतीचा घराचा उतारा, डेअरीचं खातं, बँकेचं खातं. कुठे आपलं नाव आहे, कुठे नाही, ते एका कागदावर लिहा. घरात शांतपणे बोला. "माझं नाव लावा" म्हणणं म्हणजे "तुमचं काढा" म्हणणं नव्हे. लेकींनाही सांगा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा जन्माने हक्क आपल्या महाराष्ट्राने १९९४ मध्ये मान्य केला, आणि सगळ्या देशाने २००५ मध्ये.

चौथं काम सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत आनंदाचं. गटातल्या प्रत्येकीने शेजारणीचं एक कसब सांगायचं. स्वतःचं नाही, शेजारणीचं, कारण स्वतःचं आपल्याला दिसत नाही. "हिच्या हाताला शेवया लांब येतात." "हिला जनावराचं दुखणं ओळखता येतं." "हिला भांडण मिटवता येतं." "ही दहा गावचे हिशोब तोंडी करते." ते सगळं वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. ते पान म्हणजे तुमच्या गावाची खरी ठेव आहे. बँकेतल्या ठेवीसारखी ती नुसती पडून राहिली तर व्याजही येत नाही, कारण तिची पावतीच फाडलेली नसते. ही पावती आपल्यालाच फाडायची आहे.

सभेत, सत्कारात कुणी आपल्याला शक्ती म्हणेल, लक्ष्मी म्हणेल, अन्नपूर्णा म्हणेल. म्हणू देत, गोड आहे ऐकायला. पण त्यांना हसून एवढंच सांगा, "होय हो दादा, पण आमचा रकाना कुठे आहे?" आणि तो रकाना आधी आपल्या स्वतःच्या वहीत असेल, तर हे विचारताना आवाज कापणार नाही.

पुढच्या बैठकीत तुमच्या पापडांचा, शेवयांचा, गोधडीचा, दुधाचा हिशोब काय निघाला ते आम्हाला रेडिओवर जरूर कळवा. तोटा निघाला तरी कळवा. तोटा कळला की निम्मं काम झालं.

बरं आहे, येते मी. नमस्कार.